दोन रिंगा आणि बंद

“रात्री-अपरात्री बरं वाटेनासं झालं, तर तुम्ही कुणाला बोलवाल?”

“कुणालाही नाही,” मी म्हणाले. “लिही.”

समोरच्या मुलीनं पेन कागदावर टेकवलं, पण लिहिलं काही नाही. केतकी तिचं नाव. पुण्याच्या कुठल्याशा संस्थेतून आली होती. एकट्या राहणाऱ्या वयस्क बायकांना माणसांचा आधार किती असतो, आणि वर्षभरात तो वाढतो की आटतो, हे ती मोजत फिरत होती. आधी एकदा येऊन गेली होती, आता तेच प्रश्न घेऊन पुन्हा आली होती. आधार मोजायचा म्हणे! दूध आहे का ते, मापानं घालायला?

“मावशी, जरा नीट आठवून सांगा ना,” ती म्हणाली. “गेल्या वेळी तुम्ही...”

“गेल्या वेळी काय सांगितलं ते मला पक्कं ठाऊक आहे. डोकं शाबूत आहे माझं. मोडलंय ते खुब्याचं हाड.”

माझा मुलगा शिरीष पलंगावर माझी बॅग भरत होता. वडोदऱ्याहून तो मला न्यायलाच आला होता. रात्रीची गाडी पुण्याहून होती आणि दुपारी टॅक्सी दारात येणार होती. त्यानं माझी दोन पातळं आत दाबून बसवली आणि माझ्याकडे न बघता केतकीला म्हणाला, “लिहा हो तुम्ही. ती म्हणतेय ते अगदी खरं आहे. हिला इथं कुणीही नाही. हेच मी सांगितलं की माझ्या अंगावर येते.”

आणि इथंच माझी पंचाईत झाली. कुणी नाही म्हणावं, तर बॅग भरली जात होती. कुणी आहे म्हणावं, तर नाव एकच होतं, आणि ते नाव तोंडातून काढण्यापेक्षा मी जीभ चावून घेतली असती.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. तरी त्या दुपारची आठवण निघाली की मला अजून संताप येतो. कुणाकुणाचा, ते सांगते.

मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. कानाला हेडफोन आणि तोंडात ‘नंबर बोला’, असं सगळं आयुष्य गेलं. निवृत्त झाले, पुढं हे गेले, आणि कराडच्या त्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर मी एकटी उरले. माझ्यासारख्या आणखी पाच-सहाजणी त्याच बिल्डिंगमध्ये होत्या. कुणाची मुलं पुण्याला, कुणाची परदेशात, कुणाची गावातच असून नसल्यासारखी. त्या सगळ्यांची मी साखळी बांधली. सकाळी उठले की मी खालच्या मजल्यावरच्या अनसूया मोहितेला फोन लावायचा. दोन रिंगा आणि बंद. म्हणजे मी जिवंत आहे. मग अनसूयानं तिच्या पुढच्या बाईला, तिनं आणखी पुढच्या बाईला, असं करत शेवटची रिंग फिरून माझ्याकडे यायची. फोन कुणीही उचलायचा नाही, हा पहिला नियम. उचलला की पैसे पडतात आणि बायका बोलत सुटतात. रिंग आलीच नाही, तर मात्र उठायचं आणि जाऊन तिचं दार वाजवायचं.

कामात मी कुणाची गय केली नाही. वरच्या देवधरबाई विसरायला लागल्या, कधी दुपारी रिंग द्यायच्या, कधी चार-चारदा. मी त्यांना साखळीतून काढून टाकलं. रडल्या त्या, दोन बायका माझ्याशी महिनाभर बोलल्या नाहीत. नसतील बोलल्या. देवधरबाईंच्या रिंगेवर कुणाचा तरी जीव अवलंबून होता. आजही मी त्यांना काढीनच.

केतकी पहिल्यांदा आली, तेव्हा मी तिला ही साखळी मोठ्या ऐटीत समजावून सांगितली होती. तिच्या प्रत्येक प्रश्नाला मी एकच उत्तर दिलं होतं. आजारी पडलात तर? अनसूया मोहिते. मन मोकळं करायचं झालं तर? अनसूया मोहिते. घरातली किल्ली हरवली तर, अचानक पाहुणे आले तर, वाईट बातमी आली तर? अनसूया, अनसूया, अनसूया. शेवटी ती पोरगीच हसायला लागली होती.

अनसूया म्हणजे कुणी प्रेमळ मैत्रीण वगैरे नव्हे हं. साखर कारखान्यातल्या टाइमकीपरची बायको, आता विधवा. तोंड असं की भाजीवाला तिच्या दारासमोर गाडी उभी करायला घाबरायचा. मी वर कपडे वाळत घातले की पाणी तिच्या गॅलरीत पडायचं, आणि तिच्या कुरडयांवर पडायचं. यावरून आम्ही इतकी वर्षं भांडत होतो. मी वरून बोलायची, ती खालून बोलायची, आणि बिल्डिंग ऐकायची. मी एक शब्द टाकला की तिचे चार ठरलेले. पण सकाळची रिंग कधी चुकली नाही. भांडण वेगळं, रिंग वेगळी.

मग ती सकाळ आली. न्हाणीघरात माझा पाय सरकला आणि मी आडवी झाले. खुब्यात अशी कळ निघाली की डोळ्यापुढं पांढरं झालं. फोन गळ्यात दोरीनं अडकवलेला होता, जुनी सवय. मी अनसूयाला लावला. आणि या वेळी दोन रिंगांवर बंद केला नाही, वाजू दिला. वाजू दिला, वाजू दिला, आणि तिनं कापला! मी पुन्हा लावला. तिनं पुन्हा कापला. तिसऱ्यांदा लावायला गेले, तर ओल्या हातातून फोन सुटला, दोरीचा आकडा निघाला आणि तो बादलीत पडला.

आता गंमत बघा. माझा फोन आला म्हणजे मी जिवंत, असं धरून अनसूयानं आपली रिंग पुढं दिली होती. साखळी सुरळीत चालू होती, म्हणून बाकीच्या बायका निवांत. मी ओल्या फरशीवर पडले होते आणि बिल्डिंगच्या हिशेबी मी ठणठणीत होते. दुपारी भांडीवाली रेखा आली, तिनं दार बडवून बडवून शेवटी माणसं गोळा केली आणि कडी तोडली. तोवर देवाला, दैवाला आणि अनसूयाला, सगळ्यांना शिव्या देऊन झाल्या होत्या.

दवाखान्यात ती आली होती. मुगाचं कढण घेऊन, थर्मासमध्ये. मी सगळ्या वॉर्डासमोर तिला हाकललं. “फोन कापणाऱ्या बाईच्या हातचं पाणीसुद्धा मला नको. ऊठ, चालती हो.” ती थर्मास घेऊन निघून गेली. उलटून एक अक्षर बोलली नाही. मला वाटलं, लाजेनं गप्प बसली. त्यानंतर आमचं बोलणं बंद. साखळीही बंद, कारण तिच्यावरचा विश्वासच उडाला सगळ्यांचा.

तर अशी ती दुपार, समोर केतकी, पलंगावर बॅग.

केतकीनं फाईल मिटली आणि अवघडून म्हणाली, “मावशी, खरं सांगू? आमच्या सगळ्या पाहणीत तुमची बिल्डिंग सगळ्यात वर होती. एवढा आधार कुठंच नव्हता. आणि आता भेटले त्या सगळ्यांचेच आकडे खाली आलेत. म्हणून विचारते. असं काय झालं?”

“काही झालं नाही. माणसं कळली.”

“आई,” शिरीष म्हणाला, “तिच्याशी का भांडतेस? हे बघ, मी शेवटचं सांगतो. मला हौस नाही तुला उपटून न्यायची. तू मला एक नाव सांग. या गावात, या बिल्डिंगमध्ये, तू पडलीस तर धावत येईल असं एक माणूस. एकच. मी आत्ता बॅग उघडतो, पातळं परत कपाटात ठेवतो आणि एकटा परत जातो.”

शिरीष वाईट नाही. वाईट असता तर सोपं गेलं असतं. पण त्याच्या त्या नवव्या मजल्यावरच्या घरात मी दोनदा राहून आले होते. सकाळी सगळी आपापल्या कामाला गेली की मी आणि टीव्ही. खिडकीतून खाली बघितलं की माणसं दिसायची, आवाज मात्र वर यायचा नाही. शेजारचं दार उघडलेलं मी एकदाही बघितलं नाही. जिच्याशी भांडायलाही कुणी नाही त्या बाईनं जगायचं कशाला, असं मला तिथं रोज वाटायचं. मला माझं घर हवं होतं. माझी गॅलरी, माझा ओटा, माझ्या त्या खडूस बायका. त्यासाठी एक नाव घ्यायचं होतं, बस्स.

घड्याळाकडे बघितलं, बॅगेकडे बघितलं.

“अनसूया मोहिते,” मी म्हणाले.

“काय?” शिरीषच्या हातातला टॉवेल खाली पडला. “ती? अगं, तिच्यामुळं तू अर्धा दिवस पडून होतीस! तूच मला फोनवर रडून सांगितलंस!”

“मी रडले नव्हते. चिडले होते.”

“ठीक आहे. मग तिलाच विचारू. केतकी, खालच्या मजल्यावर राहतात मोहितेकाकू, त्यांना जरा वर बोलवाल? समोरासमोर होऊन जाऊ दे.”

“माझी तिच्याशी बोलायची इच्छा नाही,” मी म्हणाले.

“तुझी भरवशाची बाई आहे ना ती? मग?”

केतकी गेली ती चांगली दहा मिनिटं आलीच नाही. परत आली तेव्हा दमून म्हणाली, “दार किती वाजवलं! शेवटी त्या कचऱ्याचा डबा ठेवायला बाहेर आल्या, तेव्हा भेटल्या.” तिच्यामागून अनसूया आली. वाळली होती. हात पदराला पुसत ती उंबऱ्यातच उभी राहिली. माझ्याकडे बघितलं नाही.

“या ना काकू,” शिरीष म्हणाला.

“इथंच बरी आहे.”

शिरीष तिच्या समोर जाऊन उभा राहिला. “काकू, आई म्हणतेय की तिला काही झालं तर ती तुम्हाला बोलवेल. तुम्ही याल, असं तिला वाटतंय. तसं असेल तर मी तिला इथं ठेवतो. नाहीतर आज घेऊन जातोय. तुम्ही सांगा. याल तुम्ही?”

ती त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. मला वाटलं, कशी निर्ढावलेली बाई आहे, नजर पण ढळत नाही.

“नाही,” अनसूया म्हणाली.

“म्हणजे?”

“म्हणजे नाही. माझ्या भरवशावर कुणी राहू नये. घेऊन जा तुझ्या आईला.”

बघा! नाक घासून मी हिचं नाव घेतलं, आणि ही बया उभ्या उभ्या मला गावाबाहेर काढते! माझ्या अंगाची लाही लाही झाली. तिनं पाठ फिरवली, पायऱ्यांकडे वळली, आणि माझं तोंड सुटलं.

“जा, जा! तोंड लपव! अगं, तुझ्यासारख्या बाईबरोबर राहण्यापेक्षा मेलेलं बरं, म्हणून तर तुझा नवरा गेला!”

“आई!” शिरीष ओरडला. केतकीनं तोंडावर हात ठेवला.

असं मी कधी कुणाला बोलले नव्हते. अनसूयाच्या नवऱ्याचं नाव काढायची या बिल्डिंगमध्ये कुणाची छाती नव्हती. एकदा एकानं नुसतं ‘तुमचे मिस्टर घ्यायचे वाटतं’ एवढं विचारलं, तर तिनं त्याला जिन्यावरून बाजारापर्यंत शिव्या घातल्या होत्या. मी समोरच्या वॉकरच्या दांड्याला धरून वाट बघत राहिले. आता वळेल, आता माझ्या सात पिढ्या निघतील.

ती वळलीच नाही. गुडघ्यावर हात ठेवून सावकाश पहिली पायरी उतरली, मग दुसरी.

माझा संताप जागच्या जागी थांबला. आयुष्यभर मी लाईनी जोडल्यात. पलीकडं माणूस रागावून गप्प बसलंय की तार तुटलीय, हे मला श्वासावरून कळायचं. इथं तार तुटली होती.

मी वॉकर उचलला आणि सगळा जोर लावून फरशीवर आपटला. एकदा, पुन्हा एकदा. हादरा जिन्यापर्यंत गेला असावा, कारण अनसूया थबकली आणि मागं वळून बघायला लागली.

“वर ये,” मी हातानं खुणावलं. ती आली. मी तिच्या तोंडासमोर तोंड नेलं. “अनसूया, तुला ऐकू येत नाही.”

“येतं.”

“मग मी आत्ता काय म्हणाले?”

तिनं शिरीषकडे बघितलं, मग केतकीकडे बघितलं. त्या दोघांच्या चेहऱ्यावरून काही मिळतं का बघत होती.

“घाणच बोलली असशील,” ती म्हणाली. “तुझ्या तोंडात दुसरं काय असतं?”

“कधीपासून?”

“तुला काय करायचंय?”

“कधीपासून, अनसूया?”

ती एकदम खुर्चीवर बसली. इतका वेळ उंबऱ्यात ताठ उभी असलेली बाई, तिचं सगळं अवसान गेलं. “पार दिवाळीच्या आधीपासनं,” ती म्हणाली. “आधी डावा गेला. मग उजव्यात नुसतं घुं घुं. समोर माणूस असलं की तोंडावरनं कळतं. पाठीमागनं कुणी बोललं की संपलं. फोनवर तर काहीच नाही, भिंतीला कान लावल्यासारखं.”

“आणि तू मला सांगितलं नाहीस?”

“तुला सांगायचं?” ती उसळली. “देवधरबाईला काढलंस, तेव्हा ती या जिन्यात बसून रडत होती, मी होते तिच्याजवळ. मलाही काढलं असतंस.”

“काढलंच असतं!”

“म्हणूनच नाही सांगितलं. सकाळची तेवढी एक रिंग येते मला. खिशात, नाहीतर झंपरात फोन थरथरतो, मला कळतं, की वर कुणीतरी आहे आणि तिला आपण लागतो. दिवसभरात दुसरं कोण बोलवतं मला? तेवढंही तू काढून घेतलं असतंस.”

तिचं खरं होतं आणि माझंही खरं होतं.

“पण मग फोन कापलास का?” मी विचारलं. “मी मरत होते खाली पडून! नुसता वाजू दिला असतास!”

“आदल्या दिवशी भांडली होतीस ना कुरडयांवरनं! मी ऐकू न येता नुसती हातवारे करून आत गेले होते. सकाळी फोन थरथरला तो थांबेचना, मला वाटलं, राहिलेल्या शिव्या घालायला लावलाय हिनं. उचलून काय करणार होते? तू बोलणार, मला कळणार नाही, तू म्हणणार उत्तर दे. ऐकू न येणाऱ्या माणसानं भांडावं कसं, सांग ना! म्हणून कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला.” तिचे डोळे भरले, पण तिनं ते रागानंच पुसले. “दवाखान्यात तू काय बोललीस तेही मला धड कळलं नाही. नुसती बोटं दाखवत होतीस दाराकडं. तेवढं कळलं.”

खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. अनसूया सोडून आम्ही तिघंही दचकलो.

शिरीषनं बॅगेची चेन ओढली. आवाज मऊ होता, पण हेका तोच. “आई, झालं ना आता? गैरसमज दूर झाला, बरं वाटलं. पण मुद्दा तोच राहतो. तुला हलता येत नाही आणि यांना ऐकू येत नाही. चल.”

केतकीनं खालमानेनं विचारलं, “मग... काय लिहू मी?”

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इतकी वर्षं खात्यात काढली आणि हे कळायला एवढा वेळ लागावा, याचीच मला चीड आली.

“थांब जरा,” मी म्हणाले. “साखळीत फोन उचलतं कोण? कुणीच नाही! मग कान लागतात कशाला? हिला फोन थरथरलेला कळतो ना? मग झालं!” मी अनसूयाच्या हनुवटीला धरून तिचं तोंड माझ्याकडे फिरवलं. “नीट बघ माझ्याकडं. दोनदा थरथरला आणि थांबला, तर मी बरी आहे. थरथरतच राहिला, तर मी पडलेय. उचलू नकोस, कापू नकोस. वर ये. कळलं?”

“हात काढ,” ती म्हणाली. “दुखतंय.”

“कळलं का?”

“मी काय तुझी मोलकरीण आहे? चार महिने तोंड फिरवून बसलीस. वॉर्डात सगळ्यांसमोर हाकललंस. आणि आता लगेच हुकूम सोडायला लागलीस होय? नाही यायची मी!”

ती उठली आणि तरातरा निघाली. जिन्यात तिच्या सपाता फटफटल्या, मग खाली दार लागल्याचा आवाज आला.

“बघितलंस?” शिरीष म्हणाला.

“बघितलं. आता तू बघ.” मी गळ्यातला फोन घेतला. नवा होता, पण नंबर पाठच होता. लावला. वाजायला लागला. मी तो कानाला न लावता हातावर धरला, म्हणजे सगळ्यांना ऐकू यावं.

एक रिंग, दुसरी, तिसरी. शिरीष पायात बूट घालायला लागला. खालून टॅक्सीवाल्यानं पुन्हा हॉर्न दिला. फोन वाजत राहिला आणि मग ती टेपवरची बाई गोड आवाजात सांगायला लागली की पलीकडून उत्तर मिळत नाही. त्या बाईचा मला आधीपासून राग आहे. जिन्यात काही हालचाल नव्हती.

मी पुन्हा लावला. केतकी फाईल छातीशी धरून दाराकडे बघत होती. तिनं तिच्या त्या कागदांवर काय मोजलं असेल ते असेल, पण त्या वेळी ती श्वास रोखून उभी होती. शिरीषनं बॅग खांद्याला लावली आणि दुसरा हात माझ्या काखेत घातला.

“आई, पुरे. नको असं करूस. त्या नाही येणार.”

“कापलेला नाहीये,” मी म्हणाले. “वाजतोय.”

“आई...”

“वाजतोय म्हटलं ना! हात सोड!”

त्याच्या हाताचं वजन काखेत होतं, आणि आपण आता उठणार, हे माझ्या पायांना समजलं होतं. वडोदऱ्याची ती खिडकी डोळ्यांसमोर आली.

तेवढ्यात जिन्यात सपाता वाजल्या. एक पायरी, मग थांबणं, मग पुढची. धापा टाकत अनसूया दारात येऊन उभी राहिली. पदर कमरेला खोचलेला, पिठाचे हात, आणि झंपरातून फोनची घरघर ऐकू येत होती. ती मला वरपासून खालपर्यंत बघत राहिली.

“मेलीस का?” तिनं विचारलं.

“नाही.”

“मग बंद कर की तो! छातीत नुसतं घरघर करतंय. गुडघे फुटले माझे चढून.”

मी फोन बंद केला. शिरीषनं बॅग खांद्यावरून काढली आणि हळूच जमिनीवर ठेवली. मग गॅलरीत जाऊन टॅक्सीवाल्याला हातानं ‘जा’ म्हणून सांगितलं. परत आला तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं होतं. लेकाला हरायला लावण्यात मजा नसते, पण माझा इलाज नव्हता.

केतकीनं माझ्या नावापुढं अनसूयाचं नाव लिहून टाकलं. मग ती पोरगी चुकून म्हणा, कामाच्या सवयीनं म्हणा, अनसूयाकडं वळली. “आजी, तुमचाही कागद भरायचा राहिलाय. तुम्हाला रात्री-अपरात्री बरं वाटेनासं झालं, तर तुम्ही कुणाला बोलवाल?”

अनसूयानं तिच्या ओठांवरून प्रश्न वाचला. मग माझ्याकडं बघितलं, आणि माझ्या वॉकरकडं. मग त्या बावीस पायऱ्यांच्या जिन्याकडं, जो दवाखान्यातून घरी येताना मी चौघांच्या हातातल्या खुर्चीत बसून चढले होते.

“कुणाला नाही,” ती म्हणाली. भांडायच्या आवाजात नाही, साध्या आवाजात. “ही कशी उतरणार?”

मला मेलीचा इतका राग आला की काय सांगू. हरलेली बाजी जिंकून मी सुखानं बसले होते, आणि हिनं एका वाक्यात माझं सुख पार नासवलं.

“माझं नाव घाल तिथं,” मी केतकीला म्हणाले.

“आई, तू जिना उतरणार?” शिरीषचा आवाज चढला. “डॉक्टरांनी काय सांगितलंय?”

“बसून उतरीन. बुडावर. एकेक पायरी, लहान मुलं उतरतात तशी. तू लिही गं, बघतेस काय?”

अनसूयाला यातलं काहीच कळलं नव्हतं, कारण मी केतकीकडं तोंड करून बोलत होते. तिनं केतकीचा दंड हलवला. “काय म्हणाली ही?”

केतकीनं तिच्यासमोर उकिडवं बसून सावकाश, एकेक शब्द सोडत सांगितलं. अनसूया ऐकत, म्हणजे बघत राहिली. मग माझ्याकडं वळून ओरडली, “पडशील की, भवाने!”

मी वॉकर धरून उठले, तिच्या अगदी समोर गेले आणि तिला दिसेल असं तोंड उघडून म्हणाले,

“पडले तर तुला फोन लावीन.”